आवळायचे राहिलेले नट

फटाकीला तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारी माणसं आता दोनच उरली होती, आई आणि दवाखान्यातली नर्स. शाळा सोडून ती मामाच्या टायरच्या दुकानात आली, त्याच आठवड्यात तिनं एका गिऱ्हाइकाला सुनावलं होतं, "साहेब, हॉर्न वाजवून पंक्चर निघत नाही." मामानं तिथल्या तिथे तिचं नाव पाडलं. राग नाकाच्या शेंड्यावर. पण कामाला हात असा की गाडी जॅकवर चढतेय तोवर बाईसाहेबांनी चाक काढून पाण्याच्या टाकीत बुडवलेलंसुद्धा असायचं, आणि बुडबुडा कुठून येतोय हे मामाच्या आधी तिला दिसायचं.

त्या सकाळी दुकानासमोर दादाची व्हॅन उभी होती. दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ, धुलाईच्या कारखान्यात ड्रायव्हर. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल पोचवायचे आणि मळलेले परत आणायचे. मागचं डावं चाक बसलं होतं. पुढच्या सीटवर आई, मांडीवर पिशवी घट्ट धरून, जशी काही पिशवीच पळून जाणार होती. मावशीचे गुडघे धरलेत म्हणून ती दोन दिवस तिच्याकडे निघाली होती, आणि दादा वाटेत तिला सोडणार होता.

"आटप गं," दादा म्हणाला. "चादरी गेल्या नाहीत तर तिकडे पाहुणे गादीवर तसेच झोपतील."

"झोपू देत. गादी मऊच असते."

पंक्चर काढून झालं. तिनं चाक जागेवर बसवलं, पाचही नट हातानं फिरवून लावले, जॅक खाली घेतला. आता लांब दांड्याचा पाना घालून नट आवळले की काम संपलं. तिनं पाना उचलला, आणि नेमका त्याच वेळी रस्त्यापलीकडचा शिंपी गळ्यात मापाची टेप अडकवून आला.

"मेला ना शेवटी घड्याळजी?" तो लांबूनच ओरडला. "मी काय म्हणत होतो?"

झालं. सगळ्यांची डोकी एकदम तिकडे वळली.

'उलटा जिना' ही टीव्हीवरची मालिका म्हणजे मामा, फटाकी आणि शिंपी या तिघांच्या जिवाला लागलेला घोर होता. एका जुन्या इमारतीत एक जिना असतो. तो उतरलं की माणूस कालच्या दिवसात निघतो. एक इन्स्पेक्टर बाई एका घड्याळजीला वाचवायला तो जिना पुन्हा पुन्हा उतरते, आणि दर वेळी घड्याळजी नव्या पद्धतीनं मरतो. काल रात्रीच्या भागात तिनं त्याला फोन केला होता, आज रस्ता ओलांडू नका म्हणून सांगायला. तोच फोन घ्यायला तो भर रस्त्यात थांबला आणि ट्रकखाली गेला.

"तो मरणारच होता," मामा टायरला टेकून म्हणाला. "लिहिलेलं होतं. बाईनं जिना उतरावा, चढावा, नाहीतर घसरगुंडी करावी. काही फरक पडत नाही."

"लिहिलेलं म्हणजे काय, मामा? लिहितो कोण?" फटाकी पाना हलवत म्हणाली. "तिनं फोनच कशाला करायचा? सरळ जाऊन त्याच्या घराला बाहेरून कडी घालायची. विषय संपला."

"मग घराला आग लागली असती."

"खिडकीतून उडी मारेल."

"पाय मोडून मरेल."

"पाय मोडून कोण मरतं?"

"ज्याचं लिहिलंय तो."

व्हॅनमधून आईनं मान बाहेर काढली. "कोण मेलं गं?"

"कुणी नाही आई. टीव्हीतलं."

शिंप्यानं दोघांकडे अशा नजरेनं पाहिलं की जसं काही कापडच चुकीचं कापलंय. "तुम्हा दोघांना कळलंच नाहीये. घड्याळजीला मारलं त्या बाईनंच. ती मागे गेली नसती तर फोन गेला नसता. फोन गेला नसता तर तो थांबला नसता. सावध करायला जाणं हेच कारण! जो सांगायला जातो तोच घडवतो."

"काहीही काय, काका! फोन वाजायच्या आधीच तो थांबला होता. मी बघितलंय."

"आधी फोन."

"आधी थांबला!"

"डोळे तपासून घे पोरी."

बस, हेच त्यानं म्हणायला नको होतं. फटाकीच्या कानशिलाशी काहीतरी फडफडलं. "चला तुमच्या दुकानात. मोबाइलवर लावा. आत्ताच्या आत्ता. कोणाचे डोळे तपासायचे ते बघू."

ती रस्ता ओलांडत होती तेव्हा मागून दादा ओरडला, "झालं का गं?"

"हो रे बाबा, हो!" तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

शिंप्याच्या दुकानात गरम इस्त्रीचा वास होता. मोबाइल मशीनला टेकवून त्यानं तो प्रसंग लावला. घड्याळजी चालतोय, चालतोय, रस्त्याच्या मध्ये थांबला. आणि मग फोन वाजला.

"बघा! बघा! आधी थांबला!"

शिंपी पडद्यात नाक खुपसून म्हणाला, "पण थांबला कशाला? ते बघ, कोपऱ्यात कोण उभं आहे. बाईच! तिला बघून थांबला तो. म्हणजे माझंच खरं की."

"अहो पण तुम्ही फोन म्हणाला होतात!" फटाकीनं तावातावानं टेबलावर हात आपटला. हाताबरोबर लोखंडही आपटलं.

"अगं, अगं! कोटाचं कापड आहे ते! उचल ते तुझं तेलकट लोखंड!"

तिनं पाना उचलला. करड्या कापडावर काळा ओरखडा उठला होता. शिंपी खडूचा तुकडा घेऊन त्यावर घासत काहीतरी पुटपुटत होता, पण तिला ते ऐकू येत नव्हतं. ती पान्याकडे बघत होती. हा इथे कसा? आपण हातात घेऊन आलो म्हणून. हातात का होता?

ती पळाली.

दुकानासमोर व्हॅन नव्हती. जॅक आडवा पडला होता, आणि चाकातून ठिबकलेल्या पाण्याचा डाग.

"गेले की," मामा म्हणाला. "तूच हो म्हणालीस."

"मामा, नट आवळलेच नाहीत. नुसते हातानं लावलेत."

मामा टायर सोडून ताठ उभा राहिला. हातानं लावलेला नट गल्लीबोळातून रांगताना तग धरतो. वेग आला की चाक थरथरायला लागतं आणि एकेक नट आपल्या आपण सुटतो. आणि मावशीकडचा रस्ता कसा, तर बाजार संपला की उंचावरची पाण्याची टाकी, आणि टाकीपासून खाली पुलापर्यंत सरळ लांबलचक उतार. तिथे दादाच काय, सायकलवालासुद्धा वाऱ्यासारखा सुटतो. मामाच्या स्कूटरला तर व्हॅनची धूळही दिसली नसती.

मघापर्यंत सगळं लिहिलेलं असतं म्हणणाऱ्या मामानं आधी खिशात हात घातला आणि फोन काढला. यादी दोनदा वर-खाली केली तरी दादाचं नाव सापडेना.

मागून धापा टाकत शिंपी आला, त्यानं काय ते ऐकलं आणि मामाचं मनगटच धरलं. "थांबा! फोन करू नका!"

"सोडा हो शिंपीबुवा! मालिका आहे ती!" मामा म्हणाला.

"मालिका राहू द्या. त्याच्या शेजारी आई बसलीय ना? गाडी चालवताना फोन कोण उचलतं?"

आईच उचलते. दादाचा नियम होता तो, गाडी चालू असली की फोन शेजारच्याकडे. आणि आई फोनवर बोलत नाही, ओरडते. चाक हा शब्द कानावर पडला की ती दादाचा दंड धरणार, "अरे थांब, थांब!" दादा दचकून करकचून ब्रेक दाबणार, आणि सैल नटांवरच्या चाकाला तेवढंच निमित्त पुरेल. शिंप्याच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा खरं काहीतरी निघालं होतं, आणि तेही आजच.

नाही केला फोन, तर उतार आहेच.

"मग काय करायचं ते सांगा ना!" ती शिंप्यावर ओरडली. शिंप्याला कारण तेवढं कळायचं, त्यापुढचं नाही.

फटाकीनं मामाच्या हातातून फोन घेतला. टायरच्या ढिगावर बसली, भिंतीकडे तोंड केलं, म्हणजे या दोघांची तोंडं दिसायला नकोत.

घंटी वाजत राहिली. मग, "हॅलो! कोण? अगं आत्ताच तर निघालो!"

"आई, दादाला दे जरा."

"गाडी चालवतोय तो."

"मग मोठ्या आवाजावर टाक."

"ते कसं टाकतात?"

"खाली चित्र असतं बघ, भोंग्याचं." दात इतके आवळले होते की जबडा दुखायला लागला.

"भोंगा, भोंगा... हा झाला काय? कट झाला वाटतं."

"नाही झाला. दादा, ऐकू येतंय?"

"बोल." मागे इंजिनाचा घरघराट, आणि त्यात एक बारीक टकटक. खरंच होती का ती? की तिला वाटली?

"माझा पाना तुझ्या गाडीत राहिलाय मागे. जरा हळूच बाजूला घे ना."

"संध्याकाळी आणतो."

"मला आत्ता हवाय."

"मामाला म्हणावं एक नवा घे, किती चिकटपणा करशील." दादा हसला. आईही हसून म्हणाली, "चिडली बघ. आता फुटेल."

फुटायलाच आली होती ती. घशापर्यंत आलं होतं, अरे मूर्खा, थांब! पण ते तर ती रोजच म्हणायची. पोहे वाढायला उशीर झाला तरी, चप्पल सापडली नाही तरी. इतकी वर्षं इतकं ओरडून झालं होतं की तिच्या ओरडण्याला घरात पंख्याच्या आवाजाइतकीही किंमत उरली नव्हती.

"टाकी आली बघ," आई सांगत होती. "आता काय, पोचलोच."

फटाकीनं डोळे मिटले. "दादा." आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही, इतका लहान. "माझी चूक झालीय. ब्रेक दाबू नकोस. नुसता पाय वर घे, गाडी आपोआप हळू होऊ दे."

तिनं फोन कानाशी आणखी दाबला.

"मागचं डावं चाक. नट आवळायचे राहिले. मी खोटंच हो म्हणाले तुला."

"काय म्हणतेय ती?" आई.

"काही नाही. आई, पिशवी धर नीट." दादाचा आवाज एकदम सपाट. हसू गेलं होतं. इंजिनाचा आवाज खाली, आणखी खाली. वळायच्या दिव्याची टिकटिक सुरू झाली. आणि ती टकटक. ती खरीच होती, आता ती मोठी झाली होती, आणि मग प्रत्येक टकटकीमध्ये अंतर पडायला लागलं. मामानं अर्धवट उघड्या शटरचं हँडल धरून ठेवलं होतं. शिंपी टेप बोटाला गुंडाळत होता, सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता.

कर्र. हँडब्रेक.

दार उघडलं. "कशाला थांबला हा आता?" आई कुणाला विचारत होती कुणास ठाऊक. बराच वेळ नुसता वारा. मग दादा फोनवर आला.

"एक नट गेलाय. बाकीचे बोटानं फिरतायत."

"येते मी."

"ये," तो म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं.

मामानं स्कूटर काढली. पाना, जॅक आणि खिशात नवे नट घेऊन ती मागे बसली. सगळ्या वाटेवर तिला रस्त्याच्या कडेला पडलेलं काहीतरी चकाकताना दिसत होतं, आणि दर वेळी ते बाटलीचं झाकण निघत होतं.

व्हॅन टाकीच्या पुढे, उतार सुरू होतो तिथेच, कडेला उभी होती. पुढे रस्ता पट्टीनं आखल्यासारखा खाली जात होता, आणि तळाशी पूल. आई रस्त्याकडेच्या दगडावर बसली होती, मांडीवर पिशवी, चेहरा फुगलेला. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. "मावशी दारात उभी असेल तिकडे, दुखऱ्या पायावर," ती म्हणाली. "आणि तुमची एका पान्यासाठी वरात."

फटाकीनं जॅक लावून चाकावरचा भार काढला, नवा नट लावला, बाकीचे बसवले, जॅक खाली घेतला. मग आवळायला लागली. एक वरचा, एक समोरचा, आलटून पालटून, दांड्यावर सगळं अंग टाकून.

मामा तिच्या मागे उभा राहून हळूच म्हणाला, "तुझा फोन लागणार हेसुद्धा लिहिलेलंच होतं म्हणायचं."

एरवी तिनं पाना फेकला असता. "मामा, पलीकडची चाकं बघ ना," ती म्हणाली. मामा मुकाट्यानं गेला.

पाचवा नट झाला तेव्हा ती उठली. दादा शेजारी उभा होता. त्यानं नुसता हात पुढे केला. काय हवंय ते तिला कळलं. तिच्या हाताखालून गेलेलं काम आजवर कुणी परत तपासलं नव्हतं, मामानंही नाही, आणि कुणी तपासलं असतं तर तिनं दुकान डोक्यावर घेतलं असतं. तिनं पाना त्याच्या हातात दिला आणि चाकाशी उकिडवी बसली.

दादानं पहिला नट धरला. हलला नाही. दुसरा. तिसरा. चौथ्याला त्यानं पाय देऊन दांडा दाबला, तोही जागचा हलला नाही.

पाचव्यावर पाना केसभर फिरला.

दोघांनीही ते पाहिलं. पलीकडे आई विचारत होती, अजून किती वेळ. दादानं कपाळावरचा घाम पुसला आणि तिच्याकडे बघितलं.

"पुन्हा पहिल्यापासून बघ," ती म्हणाली.