आठ बिल्ले, नऊ माना

"चार बहिणी आणि नऊ भाच्या उजवल्यात मी. एक बी माघारी आली न्हाय! आठ कुत्र्यांचं काय घेऊन बसलाय?" अप्पा मांडी थोपटून म्हणाले.

ही गोष्ट बावन्न सालची. पालिकेनं दवंडी दिली होती, सोमवारपासून ज्याच्या गळ्यात पितळी बिल्ला नाही ते कुत्रं गाडीत. बिल्ला मिळायचा स्वतःचं घर असलेल्या मालकाला, आणि आमच्या पेठेतल्या आठ कुत्र्यांना मालकच नव्हता. म्हणून तालमीत मंडळ निघालं. अप्पा अध्यक्ष, मी चिटणीस आणि अंगमेहनतीला गुंडू पैलवान.

मंडईच्या दारात मेथी विकणारी चिमणाबाई पहिल्याच दिवशी आली. मागं खंड्या, मागचा एक पाय उचलून.

"बाकीची ऱ्हाऊ द्या अप्पा, माझ्या खंड्याचं तेवढं बगा. मीच भाच्याच्या घरच्या सोप्यात झोपती. त्यो म्हन्तो, तू हाईस तेवढं बास."

"शब्द दिला म्हंजे दिला!" अप्पा गरजले.

अप्पांना स्थळं जमवायची एकच रीत ठाऊक. तालमीत सतरंजी अंथरली, पोहे केले. येणारा मालक वरपक्ष, आम्ही मुलीकडचे. कुत्र्याला आंघोळ घालून मधे बसवायचं आणि अप्पांनी त्याचं कूळ सांगायचं. कूळ अप्पांनाही माहीत नव्हतं, पण त्यानं कधी अडलं नाही. गुरुवारपर्यंत सात कुत्री उजवली, सातांना बिल्ले मिळाले.

खंड्याला बघायला आकाराम तेली आला. दोन बशा पोहे खाऊन म्हणाला, "जरा चालवून दाखवा की."

खंड्या चार पावलं चालला आणि बसला.

"कळवतो," आकाराम म्हणाला. याचा अर्थ नऊ भाच्यांच्या मामाला सांगायला नको होता.

तिथं थांबले असते तर ते अप्पा कसले? "रविवारी मांडवपरतण करायचं," ते म्हणाले. "लेकी सासरी गेल्या, एकदा माहेरी जेवून जाऊ देत."

"अप्पा, कुत्री हैत ती."

"मग उपाशी धाडतोस?"

रविवारी अप्पांच्या अंगणात सातही लेकी आल्या. खंड्या होताच. शिवाय अप्पांचा स्वतःचा सुलतान, उंच शिकारी कुत्रा, घरातल्या माणसांपेक्षा लाडका. अप्पांनी रांगेत पहिला नंबर लावून त्याला एक नंबरचा बिल्ला आणला होता. गुंडूनं सगळ्यांना साबण लावला आणि बिल्ल्यांचे पट्टे भिजू नयेत म्हणून काढून कोरड्या बादलीत टाकले. सुलतानचाही.

मग मटणाची हाडं आली.

भांडण मिटलं तेव्हा अंगणात चिखल होता आणि नऊही कुत्री एकाच रंगाची होती. न्यायला आलेल्या सरोजिनी मास्तरीणबाई म्हणाल्या, "आमचं पांढरं कुठंय?" पांढरं कुणीच उरलं नव्हतं. ज्यानं हात चाटला ते त्यांनी नेलं. गिरणीवाल्यानं दोन नेली, मग एक परत आणून दिलं, पण ते नेलेल्या दोन्हींपैकी नव्हतं. जे थांबेल त्याच्या गळ्यात गुंडू पट्टा अडकवत होता.

शेवटी अप्पांनी गुंडूकडून हिशेब घेतला. "बिल्ले किती होते?"

"आठ."

"कुत्री?"

"नऊ."

"घातलेस किती?"

"आठ. बादली रिकामी हाय."

"मग बरोबर हाय की. खंड्याला न्हाय." अप्पांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. चिमणाबाई उठली. चिखलानं भरलेला खंड्या पदराखाली घेऊन निघून गेली. सुलतान लाकडांच्या ढिगामागं झोपला होता. त्याची मान कुणी बघितली नाही.

सोमवारी गाडी मंडईत आली. चिमणाबाईनं खंड्यावर मेथीची पाटी पालथी घातली आणि वर स्वतः बसली. पाटी चालायला लागली. गाडीवाल्यानं पाटी उचलली, गळ्यातला बिल्ला पुसला आणि मागं सरला. "एक नंबर! अप्पांचं कुत्रं हितं कसं?"

चिमणाबाईनं तिथंच रस्त्यात अप्पांच्या नावानं हात जोडले. "सोताच्या कुत्र्याचा बिल्ला दिला गं बाई, माझ्या खंड्याला!" सगळी मंडई तालमीकडं निघाली. अप्पांनी मान डोलवून नमस्कार घेतले. "शब्द दिलता की." मग जरा वेळानं मला बाजूला ओढून म्हणाले, "एक नंबर म्हंजे कुणाचा रं?"

आम्ही पालिकेत पळालो. कारकून यज्ञेश्वरपंतांनी वही उघडली. "एक उंच, बिनबिल्ल्याचं कुत्रं सकाळी धरलं होतं. पलीकडच्या पेठेतही तुमच्यासारखंच मंडळ निघालंय, त्यांनी आत्ताच सोडवून नेलं."

"आमचं हाय ते!"

"मग बिल्ला दाखवा."

मागं चिमणाबाई खंड्याला घेऊन आली होती. अप्पांनी त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याकडं हात नेला. चिमणाबाई त्यांच्याकडं देवाकडं बघावं तशी बघत होती. अप्पांनी पट्ट्याचं बक्कल जरा घट्ट केलं आणि हात मागं घेतला. "माझं कुत्रं हेच," ते म्हणाले. यज्ञेश्वरपंतांनी तसं लिहून घेतलं.

संध्याकाळी आम्ही पलीकडच्या तालमीत वरपक्ष म्हणून गेलो. त्यांनीही पोहे केले होते. सुलतान मधे बसला होता आणि त्यांचे अध्यक्ष त्याचं कूळ सांगत होते. सगळं चुकीचं. अप्पा बशीतले पोहे चिवडत होते.

"घरात आधी कुणी हाय का?" अध्यक्षांनी विचारलं.

"एक हाय," अप्पा म्हणाले.

"कळवतो."

बुधवारी निरोप आला. घरात आधीच एक असल्यामुळं आमचं जमलं नाही. सुलतान कबनूर गावातल्या एका हातमागवाल्याकडं दिला.