दीड किलो वजा

मित्रांनो, या, या. बूट काढा, पिशवी खाली ठेवा, खिशातल्या किल्ल्या त्या खुर्चीवर ठेवा आणि मग सावकाश माझी गोष्ट ऐका. मी एका डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातला जुना वजनकाटा आहे. खरं बोलणं हे माझं एकुलतं एक काम. आणि तरीही या दवाखान्यात सहा वर्षं माझ्यावर कुणाचा काडीचा विश्वास नव्हता! आज हसू येतं, पण तेव्हा माझ्या जिवाची काय तगमग व्हायची, ते माझं मला ठाऊक.

आजकालच्या चपट्या काट्यांसारखा मी नाही. मला उंच मान आहे. मानेवर आडवा दांडा आहे आणि दांड्यावर दोन सरकती वजनं आहेत, एक मोठं, एक छोटं. ती मागेपुढे सरकवायची आणि दांडा मधोमध तरंगला की आकडा वाचायचा. कारखान्यात एका म्हाताऱ्या फोरमनने मला तपासलं. माझ्यावर दहा-दहा किलोची सात वजनं रचून त्याने एक डोळा मिटला, दांड्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाला, "शाब्बास! याला दवाखान्यात पाठवा. दुकानात वाया जाईल." वजनकाट्याला फुगणं शोभत नाही, पण त्या दिवशी मी फुगलो.

दवाखान्यात माझे दिवस मजेत गेले. बाळांना घेऊन आया चढायच्या, मग बाळ सिस्टरकडे देऊन एकट्या चढायच्या. वजन कमी भरावं म्हणून पोट आत ओढून उभे राहणारेही खूप होते. अहो, पोट आत ओढलं तरी ते जातं कुठे? माझ्यावरच असतं ना! पण मी कुणाला बोललो नाही. सिस्टर तेव्हा नवीन होती, दुपारी माझी उभं राहायची पाटी ओल्या फडक्याने पुसायची आणि स्वतःशी गुणगुणायची. डॉक्टरबाई म्हणायच्या, "माझा हात चुकेल, पण हा काटा चुकायचा नाही."

मग भिंती रंगवायला माणसं आली. मला हलवताना त्यांच्या हातून मी धाडकन आडवा झालो. वरून काही दिसेना, पण आतला एक स्क्रू सरकला आणि मी दीड किलो जास्त दाखवू लागलो. हो, मित्रांनो, चूक होती. मी नाकारत नाही. सिस्टरने माझ्या कपाळावर पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर ठळक लिहिलं, "दीड किलो वजा करणे". दोन वर्षं ते अगदी बरोबर होतं.

नंतर एकदा तपासणीचं टेबल दुरुस्त करायला मेकॅनिककाका आले. जेवणाची सुट्टी होती. माझ्या कपाळावरची पट्टी वाचून ते म्हणाले, "अरेरे, एवढ्याशा स्क्रूसाठी?" त्यांनी माझी पाठ उघडली, स्क्रू पिळला, दांडा शून्यावर तरंगवून पाहिला आणि आत पेन्सिलने तारीख टाकून लिहिलं, "काटा दुरुस्त केला". निरोप त्यांनी दारावर बसणाऱ्या बाईंना दिला. त्या बाईंचा तो नोकरीचा शेवटचा दिवस होता. निरोप त्यांच्याबरोबर गेला आणि पट्टी माझ्या कपाळावर राहिली.

तिथून माझे भोग सुरू झाले. मी सत्तर म्हणायचो, सिस्टर साडेअडुसष्ट लिहायची. दांडा शून्यावर नेऊन बघायची तसदी कुणी घेतली नाही. रोज खरं सांगायचं आणि रोज ते खोटं धरून दुरुस्त व्हायचं. मी किती कुरकुरलो! तर डॉक्टरबाई म्हणाल्या, "याला तेल घाला गं जरा."

सगळ्यात मोठा घोळ शिंपीकाकांचा. त्यांच्या हृदयाची ताकद कमी झाली होती, पायांवर सूज यायची, दम लागायचा. अशा माणसाच्या अंगात पाणी साठलं की ते आधी वजनात दिसतं. म्हणून ते दर आठवड्याला यायचे. चष्मा आणला असेल तर काका स्वतःच आकडा वाचायचे. मी एकाहत्तर दाखवायचो. काका पट्टीप्रमाणे दीड वजा करून सांगायचे, "साडेएकोणसत्तर!" सिस्टरला वाटायचं, काट्यावरचा आकडा सांगितला. ती आणखी दीड वजा करून अडुसष्ट लिहायची. पुढच्या वेळी काका चष्मा विसरले की सिस्टर स्वतः वाचायची आणि साडेएकोणसत्तर लिहायची. झालं! डॉक्टरबाई कागद बघून डोळे वटारायच्या. "काका, दीड किलो वाढलंत. मीठ खाल्लंत ना?"

"आईशप्पथ नाही हो, डॉक्टरबाई! मिठाच्या बरणीकडे बघतसुद्धा नाही मी."

"मग हे काय हवा खाऊन वाढलं?"

बिचारे काका मान खाली घालून जायचे. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, पण वजनकाट्याला तोंड कुठलं!

अशात एके दिवशी एक पत्र आलं. ते वाचून डॉक्टरबाई खुर्चीतून उठून उभ्याच राहिल्या. काकांसारख्या पेशंटांसाठी एक नवी गोळी निघाली होती. ती जुन्या गोळीपेक्षा खरंच चांगली आहे का, हे बघायचं होतं आणि या वेळी तो अभ्यास मोठ्या इस्पितळांबरोबर छोट्या दवाखान्यांतही होणार होता. अट एकच, दवाखाना त्यासाठी तयार हवा, आणि ते बघायला तीन महिन्यांनी एक तपासनीस बाई येणार होत्या.

"सिस्टर, तीस वर्षं मी गोळ्या लिहितेय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्या कुणावर तपासल्या? मोठ्या इस्पितळातल्या पेशंटांवर. माझ्या काकांना कुणी कधी विचारलंय? आता विचारणार आहेत. ही संधी सोडायची नाही."

मग काय विचारता! तीन महिने दवाखान्याची नुसती लगीनघाई. कागदांसाठी कुलपाचं कपाट आलं. औषधांच्या फ्रीजमधून सिस्टरचा डबा हद्दपार झाला आणि त्याचं तापमान रोज दोनदा लिहिलं जाऊ लागलं. भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं, ते ताळ्यावर आलं. पांढऱ्या शाईची बाटली ड्रॉवरच्या तळाशी गेली, कारण चुकलेला आकडा पुसायचा नाही, त्यावर एकच रेघ मारायची, शेजारी तारीख घालायची आणि सही करायची, असा नियम होता. अभ्यासात येणाऱ्या पेशंटला सगळं नीट समजावून त्याची संमती घ्यायची असते. सिस्टर त्याचा सराव दुपारी माझ्यासमोर करायची. "हे बघा, तुमची इच्छा असेल तरच यायचं. मध्येच नको वाटलं तर कधीही सोडून जाता येईल. त्याने तुमच्या उपचारांत काही फरक पडणार नाही." इतकं गोड बोलायची की मी तर पहिल्याच दिवशी सही केली असती.

शेवटी सगळ्यांची नजर माझ्यावर आली. अभ्यासात वजन सगळ्यात महत्त्वाचं, आठवड्यात दोन किलो वाढलं तर गोळी बदलायची. "हा खोटारडा आता नको," डॉक्टरबाई म्हणाल्या. तपासणीच्या आदल्या दिवशी आकडे चमकवणारा नवा काटा आला. सिस्टर आधी त्याच्यावर चढली, मग माझ्यावर. तो म्हणाला साठ. मीही म्हणालो साठ. सिस्टरने माझ्या साठातून दीड वजा केले आणि कपाळावर हात मारला.

"मॅडम, नवासुद्धा तस्साच निघाला हो! हाही दीड किलो जास्त दाखवतोय!"

"आजकालच्या वस्तूंचं हे असंच," डॉक्टरबाई वैतागून म्हणाल्या. "लाव त्यालाही पट्टी."

मित्रांनो, मी हसावं की रडावं? त्या कोऱ्या करकरीत पोराच्या कपाळावरही "दीड किलो वजा करणे" चिकटलं. आम्ही दोघे शेजारी शेजारी उभे राहिलो, दोन निरपराध कैदी.

दुसऱ्या दिवशी तपासनीस बाई आल्या. कपाट पाहिलं, फ्रीज पाहिला, खूश झाल्या. मग आमच्यापुढे येऊन थबकल्या. "दोन वेगळ्या कारखान्यांचे काटे. एक जुना, एक नवा. आणि दोघांची चूक अगदी सारखी?"

बाईंनी गाडीतून प्रमाणित वजनं आणवली. वीस किलो माझ्यावर ठेवलं. दांडा तरंगला. वीस! चाळीस ठेवलं. चाळीस! कारखान्यातल्या दिवसासारखा मी ताठ उभा होतो. नव्यानेही चोख सांगितलं. मग बाईंनी माझी पाठ उघडली आणि पेन्सिलीतली ओळ मोठ्याने वाचली. तारीख सहा वर्षांपूर्वीची होती.

सिस्टरने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. "म्हणजे सहा वर्षं मी... आणि शिंपीकाका... अगं बाई, म्हणून ते वाढायचे!" डॉक्टरबाई वजनांची वही पुढ्यात ओढून खुर्चीत बसल्या. तीन महिन्यांची मेहनत, काकांसाठी पाहिलेलं स्वप्न, सगळं माझ्या पाटीवर ठेवल्यासारखं झालं.

"अभ्यासासाठी निवडलेल्या पेशंटांची वजनं या वहीत आहेत," तपासनीस बाई शांतपणे म्हणाल्या. "याचं आता काय करणार?"

सिस्टरचा हात ड्रॉवरकडे गेला, पांढऱ्या शाईकडे. हात तिथे क्षणभर थांबला आणि रिकामाच परत आला. तिने पेन उचललं. एकेका वजनावर एकेक रेघ मारली, तारीख घातली, सही केली. खाली लिहिलं, "काटा बरोबर होता. चूक आमची होती. सर्व पेशंटांना बोलावून वजन पुन्हा घेत आहोत." डॉक्टरबाईंनी उठून त्याखाली आपली सही केली. दोघींचे डोळे भरले होते.

निकाल फोनवर कळवते म्हणून तपासनीस बाई गेल्या. आठवडाभर दवाखान्यात कुणी धड जेवलं नाही. आठव्या दिवशी फोन वाजला. डॉक्टरबाई ऐकत राहिल्या, मग फोन ठेवून म्हणाल्या, "त्या म्हणतात, अकरा दवाखाने पाहिले. सगळ्यांच्या वह्या इतक्या स्वच्छ की संशय यावा. चूक सापडल्यावर ती स्वतःच्या सहीने लिहिणारे आपण पहिले. सिस्टर, आपल्याला घेतलं!"

अहाहा, काय सांगू तो गोंधळ! सिस्टरने मॅडमना मिठी मारली, दोघी हसत हसत माझ्यावरच येऊन आदळल्या आणि माझा दांडा थाडथाड नाचला. बाहेर मात्र वेगळाच कल्लोळ झाला. पट्ट्या निघाल्या आणि अख्ख्या वस्तीचं वजन एका दिवसात दीड किलोने वाढलं! लोक तावातावाने भांडायला यायचे. फक्त शिंपीकाका खूश होते. डॉक्टरबाईंनी सगळ्यांदेखत हात जोडून त्यांची माफी मागितली, तेव्हा ते म्हणाले, "जाऊ द्या हो. मिठाच्या आरोपातून सुटलो, हेच पुष्कळ." अभ्यासात पहिली सही त्यांचीच. सिस्टरने त्यांना सगळं समजावलं, त्यांनी चार शंका विचारल्या, घरी जाऊन बायकोशी बोलले आणि दुसऱ्या दिवशी आपणहून आले.

नवा काटा आता अभ्यासाचं काम करतो, मी रोजच्या पेशंटांचं. आमचं छान जमतं. मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत एखादी वस्तू असेल, एखादा माणूसही असेल, ज्याच्यावर कधीतरी चुकल्याचा शिक्का बसलाय. तो शिक्का आजही खरा आहे का, हे अधूनमधून जवळ जाऊन बघत चला. पुसा, तेल घाला, शून्यावर आणून बघा. फार वेळ लागत नाही.

आमची सिस्टर आता दर सोमवारी सकाळी दार उघडल्यावर आधी आमच्याकडे येते. आमच्यावर वजनं ठेवते, वाकून आकडा बघते आणि वहीत दोन शब्द लिहिते, "फरक शून्य". ते दोन शब्द ऐकायला मी सहा वर्षं उभा होतो. लिहिताना ती ते मोठ्याने म्हणते, माझ्यासाठी.