एकाच उंदराचा पिंजरा

मित्रांनो, मी एक जुना उंदरांचा पिंजरा आहे, आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी दमलोय. तुम्ही म्हणाल, लाकडाला आणि तारेला कसला आलाय थकवा? एका जागी बसून राहायचं, उंदीर आला की झडप पाडायची, यात दमण्यासारखं आहे काय? मलाही आधी असंच वाटायचं. पण तेच काम रोज करायचं आणि घरातली कटकट तसूभरही कमी झालेली बघायची नाही, असं तुमच्या वाट्याला आलं की मग बोला माझ्याशी.

माझा जन्म कारखान्यातला नाही. या घरातले सुतारबाबा कपाटं आणि खिडक्या करायचे. एका कपाटाची फळी उरली होती, ती त्यांनी रंधा मारून गुळगुळीत केली, तिला वरून आणि बाजूंनी जाळी ठोकली, तोंडाला स्प्रिंगची झडप बसवली आणि आत एक आकडा टांगला. आकड्याला खाऊ लावायचा, उंदरानं तो ओढला की झडप धाडकन खाली. सुतारबाबांच्या बायकोनं माझ्यात सापडलेला पहिला उंदीर बघितला आणि शेजारणीला हाक मारली, "अगं ये, बघ तरी! आमच्या ह्यांनी केलाय!" मी असा काही फुगलो म्हणता! त्यानंतर आजूबाजूची माणसं मला मागून न्यायची, आणि परत द्यायला येताना कौतुक करायची.

या घराची एक रीत होती. सापडलेल्या उंदराच्या तोंडाकडे बघायचं नाही. सुतारबाबांची बायको म्हणायची, "एकदा डोळ्यांत बघितलं की जीव अडकतो बाई, मग त्याला घराबाहेर काढवत नाही." म्हणून उंदीर सापडला की माझ्यावर उशीचा जुना अभ्रा घालायचे आणि सुतारबाबा मला उचलून बाहेर पडायचे. गल्ली संपली की मोठा रस्ता, तो ओलांडला की नदी, नदीवर पूल आणि पुलापलीकडे गवताळ माळ. तिथं माझी झडप उघडायची. तिकडून कुणी परत आलेलं मी बघितलं नाही.

मग दिवस पालटले. सुतारबाबांची बायको गेली. सुतारबाबांचे हात थरथरायला लागले आणि दुकान बंद झालं. मुलगा बोटीवर नोकरीला, तो घरी पाहुण्यासारखा यायचा. घर सगळं सूनबाईवर. ती बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र मांडून बसायची. आधी गल्लीतल्या लोकांचे कपडे दुरुस्त करायची, मग एकदा बँडमास्तर आले आणि आपल्या सगळ्या वादकांचे कोट तिच्याकडे टाकून गेले. लाल कोट, खांद्यावर सोनेरी गोंडे, छातीवर सोनेरी कलाबतू. सगळे उसवून नव्यानं शिवायचे होते. एवढं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. हे नीट झालं तर मास्तर दर वर्षी तिच्याकडेच येणार होते. बिघडलं तर तिला परत फाटक्या खिशांवर आणि तुटक्या चेनींवर दिवस काढायचे होते.

आणि नेमका तेव्हाच तो आला.

त्याची शेपूट अर्ध्यात तुटलेली होती, म्हणून मी त्याला बांड्या म्हणतो. पहिल्यांदा सापडला तेव्हा मी खूष झालो. वाटलं, चला, गंज चढण्याआधी एक तरी काम झालं. सूनबाईनं मान वळवून माझ्यावर अभ्रा टाकला. सुतारबाबा मला घेऊन मागच्या दारानं निघाले.

पण मित्रांनो, ते गल्लीकडे वळलेच नाहीत. घराच्या मागे एक बुटकी भिंत आहे आणि तिच्या पलीकडे विटांचे तुकडे पडलेली मोकळी जागा. सुतारबाबा भिंतीवर बसले, अभ्रा काढला आणि माझी झडप उघडली. बांड्या सुळकन विटांत गेला. सुतारबाबा मात्र उठले नाहीत. गुडघे चोळत, पुलापर्यंत जाऊन यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तिथंच बसून राहिले. मग घरात आले.

"सोडला का हो बाबा, पुलापलीकडे?" सूनबाईनं विचारलं.

"सोडला की," म्हणाले, आणि चहाचा कप हातात घेतला.

संध्याकाळपर्यंत बांड्या घरात हजर. सकाळी पुन्हा माझ्या आत. लोणी लावलेला पाव खाऊन ढेकर दिल्यासारखा कोपऱ्यात बसलेला. पुन्हा अभ्रा, पुन्हा भिंत, पुन्हा विटा. असं किती वेळा झालं ते मला विचारू नका. मी पिंजरा राहिलोच नाही, त्याची खानावळ झालो. झडप पडली तरी तो दचकेनासा झाला. मलाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आता तुम्ही विचाराल, एकच उंदीर रोज येतोय हे कुणाला कळलं कसं नाही? कळणार कसं? सुतारबाबांना डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, सूनबाई घरच्या रीतीप्रमाणे बघत नव्हती, आणि जो रोज बघत होता त्याला वाचा नव्हती. त्यामुळे घरात उंदरांची फौज शिरलीय असाच सगळ्यांचा समज झाला.

"बाबा, आहेत तरी किती हो हे? रोज एक जातो तरी संपत नाहीत!"

"असतात गं. जुनं घर आहे. रोज एक नेतोय ना मी?"

सूनबाईनं कोट टेबलावर ठेवून बघितले, कपाटावर ठेवून बघितले, दोरी बांधून छताखाली टांगले. शेवटी उशाशी घेऊन झोपायला लागली. दिवसभर यंत्रावर पाय आणि जरा खुट्ट झालं की दचकून उठणं. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं. आणि एवढं करूनही एका सकाळी एका कोटाचा गोंडा कुरतडलेला निघाला. सोनेरी धागे खोलीभर झालेले. ती खाली बसून ते धागे वेचायला लागली. मग उठली आणि मला पायानं ढकलून म्हणाली, "मेला पिंजरा! नुसता जागा अडवून बसलाय!"

ते मला फार लागलं. मी रोज पकडून देत होतो, मित्रांनो. रोज!

त्याच सकाळी बँडमास्तर आले. मास्तरांचा आवाज त्यांच्या ढोलाएवढाच मोठा. गोंडा बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"बाई, हे काय झालं? मिरवणूक तोंडावर आलीय आणि माझा वादक असा उसवलेल्या खांद्यानं उभा करू? कोट बांधा सगळे. मी दुसरीकडे देतो."

"मास्तर, एवढा गोंडा मी आजच नवा करते. बाकीच्या कोटांना काही झालेलं नाही, बघा ना."

"आज नाही झालं. उद्या होईल. तुमच्याकडे उंदरांची वसाहत आहे, त्याला मी काय करू?"

सूनबाई कोटांच्या घड्या घालायला लागली. तिचे हात नुसते चालत होते. सुतारबाबांना ते बघवेना. त्यांनी माझ्यावर अभ्रा टाकला, आतल्या बांड्यासकट मला उचललं आणि मागच्या दाराकडे निघाले. वाटेत मास्तर उभे. त्यांना या घराची रीत कुठली ठाऊक! त्यांनी सरळ अभ्रा उचलला.

"बघू तरी, एवढी नासधूस करणारा वीर आहे कोण!" आणि एकदम थांबले. "अरेच्चा! हा बांडा! मागच्या खेपेला मी मापं द्यायला आलो होतो, तेव्हाही मी असंच डोकावलो होतो. तो पण बांडाच होता. तुमच्या घरचे सगळे उंदीर बांडेच कसे हो?"

सूनबाईच्या हातातली घडी सुटली. ती आली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि तिनं पहिल्यांदाच आत बघितलं. बांड्यानंही तिच्याकडे बघितलं, अगदी ओळखीचं माणूस भेटल्यासारखं.

"बाबा," ती म्हणाली, "पुलापर्यंत जाता ना तुम्ही?"

सुतारबाबांनी मला दुसऱ्या हातात घेतलं.

"बाबा, मी काय विचारतेय?"

"मागच्या भिंतीपलीकडे सोडतो," ते म्हणाले. "वाटलं, जाईल कुठंतरी. मोठा रस्ता नाही ओलांडवत गं आता. गाडी अंगावर येईपर्यंत दिसत नाही. गुडघ्यांचं तर विचारूच नकोस."

"मग सांगायचं ना मला! मी इथं कोट उशाशी घेऊन जागी राहतेय बाबा! हातचं काम जायला लागलंय माझं! एका शब्दानं सांगितलं असतंत तर मी नसते का गेले?"

ती खरोखर चिडली होती. आवाज चढला होता आणि डोळे भरले होते. सुतारबाबा माझी मूठ घट्ट धरून उभे होते.

"गेली असतीस," ते म्हणाले. "शिवण तू करतेस, स्वयंपाक तू करतेस, बाजार तूच आणतेस. हेही तूच केलं असतंस. मला एवढं एकच काम राहिलंय. ते पण तुला देऊन टाकलं तर मी सकाळी उठू कशाला?"

मास्तरांना खोकला आला. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण हळूच म्हणाले, "बाई, माझ्याकडे वाद्यांची एक पत्र्याची पेटी रिकामी आहे. ती पाठवून देतो. कोट तिच्यात ठेवा आणि काम पुरं करा. पण पुन्हा एक धागा जरी कुरतडला गेला ना, तर पेटीसकट घेऊन जाईन. सांगून ठेवतो." आणि चपला घालून चालते झाले.

सूनबाईनं डोळे पुसले आणि विचारलं, "बाबा, हा आत येतो कुठून, ते शोधाल? मला त्यातलं काही कळत नाही."

सुतारबाबा स्वयंपाकघरात अक्षरशः आडवे झाले. डोळ्यांवर भिस्त नव्हती, म्हणून हातानं भिंत चाचपत गेले. मोरीच्या पाइपाभोवती बोटं फिरवता फिरवता थांबले. "इथं वारा लागतोय." तिनं जाळीचा तुकडा कापून दिला, त्यांनी तो भोकात ठासला आणि वरून सिमेंट लिंपलं. काम फक्कड झालं, पण त्यांना उठता येईना. तिनं काखेत हात घालून ओढलं तर दोघंही धप्पकन खाली. मग जी हसत सुटली दोघं! किती दिवसांनी ऐकलं मी ते हसणं.

दुपारी आम्ही पुलापलीकडे गेलो. सूनबाईच्या एका हातात मी, दुसऱ्या हातात सुतारबाबांचा दंड. अभ्रा घरीच राहिला होता. दर दोन दुकानांनंतर सुतारबाबा कुणाच्या तरी पायरीवर टेकायचे आणि ती शेजारी उभी राहायची. माळावर झडप उघडली तर बांड्या बाहेर यायला तयार नाही. बिचाऱ्याला वाटलं असेल, ही काही आपली नेहमीची जागा नव्हे. शेवटी मला उलटं करून हलवावं लागलं. पार खिळखिळा झालो मी.

कोट वेळेवर झाले. मास्तरांनी एकेक उलटापालटा करून बघितला आणि जाताना विचारलं, "पुढच्या वर्षी मापं द्यायला कधी येऊ?"

त्यानंतरची एक सकाळ सांगतो आणि थांबतो, कारण आता बोलायचंही त्राण नाही. पाण्याची बादली भरली होती. सूनबाईनं यंत्रावरूनच विचारलं, "बाबा, एवढी आत आणून ठेवता का?" सुतारबाबा उठले, बादलीच्या कडीला हात लावला, आणि पुन्हा खाली बसले.

"नाही गं," ते म्हणाले. "नाही जमायचं मला."

"बरं," ती म्हणाली. उठली, बादली आत नेली, आणि येताना दोऱ्यांची पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. "मग हा गुंता सोडवून द्या. मला बसून सोडवायला वेळ नाही."

ते मान खाली घालून गुंता सोडवायला लागले.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी असेल, जे विचारलं की "सोडला की" म्हणतं, "झालं की" म्हणतं, आणि चहाचा कप हातात घेतं. त्यांच्यावर ओरडू नका. त्यांच्याबरोबर एकदा नुसते मागच्या दारापर्यंत जाऊन या.