दोन ठोके

उस्तादांना बोलता येत नव्हतं, पण गप्प बसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. घशाच्या आजाराने आवाज नेला, तेव्हा त्यांनी बारमधला आपला लांब दांड्याचा चमचा घरी मागवून घेतला आणि पलंगाच्या लोखंडी कठड्यावर तो वाजवून घर चालवायला घेतलं. एक ठोका म्हणजे हो, अजून. दोन ठोके म्हणजे बस. उशी वर करताना, खिडकी उघडताना, पाय चेपताना, सगळ्याला हाच कायदा. बायको म्हणायची, "जन्मभर लोकांच्या ऑर्डरी घेतल्यात. आता देऊन घ्या एकदाच्या."

गल्लीत तिला शिवणबाई म्हणत. पुढच्या खोलीत तिचं मशीन, मागच्या खोलीत उस्तादांचा पलंग आणि मधे स्वयंपाकघर, एवढंच ते घर. लोकांच्या पँटी आखूड करणं, कोटांची अस्तरं बदलणं, पडदे शिवणं यात तिचा दिवस जाई. संध्याकाळी, म्हणजे इतर बायकांचे नवरे घरी येत तेव्हा, तिचा नवरा पांढरा शर्ट घालून कामावर निघे. मोठ्या हॉटेलातला मुख्य बारमन. त्याच्या हाताची चव अख्ख्या शहराला ठाऊक होती, आणि घरात तिने त्याच्या हातचा साधा चहा प्यायला नव्हता. त्यात चूक त्याची नव्हती, हे सांगायला हवं. "एकदा तुझ्यासाठी काहीतरी करतो, जिभेवर ठेवून तर बघ," असं तो लग्न झाल्यापासून म्हणत होता. ती म्हणायची, "दुकानातला माल घरात नको. बघू पुढच्या वेळी." दारूचा तिला तिटकारा नव्हता. तिला राग होता तो संध्याकाळींचा. सगळ्या संध्याकाळी त्या बाटल्यांनी खाल्ल्या, मग वर आपण त्यांचं कौतुकही करायचं का, असं तिला वाटे.

आता उस्ताद दिवसभर घरात होते, संध्याकाळीही घरात होते, आणि पोटात बसवलेल्या नळीतून पातळ पांढरं काहीतरी जेवत होते. तोंडावाटे काहीही द्यायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. गिळण्याची ताकदच गेली होती. थेंबभर पाणीसुद्धा छातीत उतरलं असतं.

असं असताना एके सकाळी त्यांनी चमच्याने कपाटाच्या माथ्याकडे बोट दाखवल्यासारखं केलं. तिथे हॉटेलातल्या पोरांनी निरोपाला दिलेली क्रीम लिकरची, म्हणजे साय घातलेल्या गोड दारूची, बाटली उभी होती, सील न फोडलेली. मग चमचा स्वयंपाकघराकडे वळला. मग उस्तादांनी दोन्ही मुठी एकमेकींवर ठेवून त्या कानाशी हलवल्या. शेकर.

"पेय करू?" शिवणबाईंनी विचारलं. "या अवस्थेत?"

एक ठोका.

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला?"

आणखी एक ठोका. कठडा झणझणला.

आवाज ऐकून थोरली नणंद आली. ही भावाच्या आजारपणात मदतीला म्हणून आली होती आणि घरातली एकुलती एक बरी खुर्ची अडवून बसली होती. आयुष्यभर पोस्टाच्या खिडकीत बसून लोकांना 'उद्या या' म्हणण्याची सवय. निवृत्त झाली तरी खिडकी काही उघडली नव्हती. पण आई गेल्यावर या भावाला तिनेच वाढवलं होतं, न्हाऊमाखू घातलं होतं, म्हणून तिच्या तोंडाला कोणी लागत नसे.

"मुळीच नाही," ताई म्हणाल्या. "ठसका लागून माझ्या डोळ्यांदेखत गेला तर? तू करशील एक आणि जन्मभर पाहायचं मी."

शिवणबाईंच्याही मनात नेमकं तेच होतं. त्याला हवं ते दिलं तर आपल्याच हाताने तो जाईल. नाही दिलं तर तोंड कोरडं ठेवूनच जाईल. दोन्हीकडून आपणच.

रोज सकाळी येणारी नर्स नळी धुऊन निघाली, तेव्हा शिवणबाईंनी तिला दारात गाठलं. नर्स मोकळ्या स्वभावाची होती. आधी तिने नियम सांगितला, मग चप्पल पायात सरकवता सरकवता म्हणाली, "काकू, खरं सांगू? आता फार उरलेलं नाही. आठवडासुद्धा नाही, असं मला वाटतं. नियम जगणाऱ्या माणसासाठी असतात. थेंब जिभेच्या टोकावर ठेवा, घशात ओतू नका. डोकं उंच ठेवा. तरी काही झालंच तर स्वतःला दोष देऊ नका."

शेवटचं वाक्य तिने सांगायला नको होतं.

तरी दुपारी त्यांनी स्टुलावर चढून बाटली काढली. ताईंनी खुर्ची मुद्दाम स्वयंपाकघराच्या दारात ओढली आणि पहारा दिल्यासारख्या बसल्या. फ्रिजमध्ये ताईंचाच संत्र्याचा रस होता. शिवणबाईंनी ग्लासात क्रीम लिकर घेतली, वर रस ओतला. पाहता पाहता ग्लासात गुठळ्या धरल्या. वर पाणी, खाली चोथा. बाळाने दूध ओकावं तसं दिसत होतं ते.

"झालं!" ताई म्हणाल्या. "वर माझा रसही गेला."

शिवणबाईंना रडूच आलं. शिवण उसवता येते, हे कसं उसवायचं? त्या तसाच ग्लास घेऊन आत गेल्या आणि नवऱ्यासमोर धरला. "बघा तुमच्या बायकोची कारागिरी."

उस्तादांनी पाहिलं. त्यांचे खांदे हलायला लागले. धाप लागली की काय म्हणून त्या घाबरल्या, मग कळलं की माणूस हसतोय. आवाज नाही, नुसते खांदे आणि डोळे. कित्येक महिन्यांत तो हसला नव्हता. हसणं ओसरल्यावर त्यांनी दोन ठोके दिले, आणि चमचा खिडकीच्या कट्ट्याकडे नेला. तिथे भेटायला येणाऱ्यांनी आणलेल्या नासपत्या पडून पडून मऊ झाल्या होत्या. ज्याला गिळता येत नाही त्याला लोक फळंच आणतात.

"आंबट नको म्हणताय?"

एक ठोका.

शिवणबाईंनी नासपत्या किसल्या. कीस कोटाच्या अस्तरासाठी आणलेल्या नव्या मलमलीत बांधला आणि पिळला. रस हळूहळू वाटीत पडत राहिला. पिळून पिळून मनगटं भरून आली, पण रस निघाला तो दाट, गोड, पिकल्या वासाचा. ताई बघत होत्या. मग उठल्या, फ्रिज उघडला आणि बर्फाचा ट्रे नळाखाली धरून उलटा आपटला. "बर्फ लागेल ना?" एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसल्या.

शेकर चमच्यासोबतच घरी आला होता. बर्फ, त्यावर क्रीम लिकर, त्यावर दुप्पट रस. शिवणबाईंनी झाकण घट्ट दाबलं आणि हलवायला सुरुवात केली. नवरा जेवताना त्याच्या कामाच्या गोष्टी सांगायचा तेव्हा त्या कान देत नसत, पण एक गोष्ट डोक्यात राहिली होती: शेकर बघून हलवायचा नसतो, ऐकून हलवायचा असतो. बर्फ आधी खडखडतो, मग त्याचे कोपरे झिजतात, आवाज मऊ होतो. तेव्हा थांबायचं. पण केव्हा मऊ झाला ते त्यांना कुठून कळणार! मशीनचा आवाज बिघडला तर त्यांना झोपेतही कळलं असतं, हे वेगळं. त्यांनी हात थांबवला.

भिंतीपलीकडून एक ठोका.

त्या पुन्हा हलवू लागल्या. धातू इतका गार झाला की बोटं चिकटू लागली. पुन्हा थांबल्या. पुन्हा एक ठोका.

"ऐकतोय बघ मेला," ताई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

शेकरवर बाहेरून धुकं धरलं. खांदा दुखायला लागला. आतला आवाज आता खरोखरच बदलला होता, वाळूवरून कोणी पाय ओढत चालल्यासारखा. आणि दोन ठोके आले. हळू, पण नीट वेगवेगळे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपण दोघांनी मिळून केलेलं हे पहिलंच काम, हे शिवणबाईंच्या मनात आलं आणि त्यांचा जीव गलबलला.

ग्लासात ओतलं तेव्हा ते मलईच्या रंगाचं उतरलं, वर बारीक फेस. एक गुठळी नाही. त्या आत गेल्या. ताई मागोमाग आल्या आणि न सांगता भावाच्या पाठीमागे उशा लावल्या, त्याचं डोकं उंच धरलं.

शिवणबाईंनी ग्लासात स्ट्रॉ बुडवली आणि वरच्या तोंडावर अंगठा दाबला. चव बघायची बारमनची ही रीत त्यांनी एकदा त्याच्या नकळत पाहिली होती. अंगठा उचलला की थेंब सुटतो. त्यांनी ती नवऱ्याच्या ओठांशी नेली.

उस्तादांनी ओठ मिटले.

"घ्या ना. थेंबच आहे."

ओठ घट्ट.

"आता नखरे? नासपत्या पिळून हाताची वाट लागली माझ्या!"

दोन ठोके.

"बघ, त्यालाच नकोय," ताई सुटकेच्या आवाजात म्हणाल्या. शिवणबाईंना संताप आला. दिवसभर जीव टांगणीला लावला, आणि आता नको? त्या ग्लास बाजूला ठेवणार तोच चमचा उठला. उचलायला त्यांना फार कष्ट पडत होते. चमच्याचं टोक ग्लासाला टेकलं, आणि उस्तादांनी ग्लास ढकलला. बाजूला नाही. तिच्याकडे.

शिवणबाईंना समजायला वेळ लागला.

"मी?"

एक ठोका.

त्याला स्वतःला काही नकोच होतं. बाटलीकडे बोट दाखवलं तेव्हाही नको होतं. त्याला फक्त ती 'पुढची वेळ' हवी होती.

शिवणबाई पलंगाच्या कडेला बसल्या. आधी त्यांनी वास घेतला, मग घोट. आधी गार, मग गोड, मग नासपतीचा वास नाकात चढला आणि मागून घशात ऊब उतरत गेली. उस्ताद त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. काउंटरपलीकडच्या गिऱ्हाइकाकडे ते असेच बघत असतील. हे आपण कधी पाहिलंच नाही, याचं त्यांना आत्ता फार वाईट वाटलं.

"छान झालंय," त्या म्हणाल्या. "खरंच. तुम्ही किती वेळा म्हणाला होतात आणि मी..."

एक ठोका. बोलू नको, पी.

त्या प्यायल्या. पुन्हा एक ठोका, आधीपेक्षा हलका. त्या हसल्या, नाक पुसलं, आणखी प्यायल्या. खिडकीतलं ऊन पलंगाच्या पायथ्याशी आलं होतं. आणखी एक ठोका आला, की चमचा नुसताच कठड्याला लागला, ते नीट कळलं नाही. तरी त्यांनी तो ठोकाच धरला आणि घोट घेतला. मग बराच वेळ काही वाजलं नाही. त्या न थांबता पीत राहिल्या, छोटे छोटे घोट, वर न बघता.

ताईंनी भावाच्या छातीवर हात ठेवला. तो तिथेच राहू दिला. मग त्याच्या बोटांतून चमचा अलगद सोडवून घेतला.

ग्लास रिकामा झाला होता. तळाशी बर्फाचा तुकडा होता, तोही विरघळला. शिवणबाईंनी तरी ग्लास ओठांना लावून धरलेला होता.

"अगं," ताई म्हणाल्या. "खाली ठेव आता तो."

"थांबा ताई," शिवणबाई म्हणाल्या. "त्यांनी अजून बस म्हटलेलं नाही."