तो, ती की ते?

मित्रांनो, मी एक जुने कार्ड आहे. माझ्यावर कात्रीचे चित्र आहे. कार्ड 'ते' असले तरी कात्री 'ती', म्हणून मी स्वतःला बाईमाणूस समजते. छापखान्यात माझ्यासोबत चमचा, छत्री, दोरा अशी बरीच भावंडे जन्मली. आजारपणात ज्यांची वाचा गेली, त्यांना पुन्हा बोलते करणाऱ्या एका बाईंच्या टेबलाच्या खणात आम्ही राहतो.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. पुढे कोपरे झिजले, एका आजोबांनी माझ्यावर चहा सांडला, आणि बाई मला सर्वांत शेवटी बाहेर काढू लागल्या. तरी इतक्या वर्षांत मला एक गोष्ट कळली. मेंदूत शब्द सगळाच्या सगळा एका जागी नसतो. अर्थ एकीकडे, आवाज दुसरीकडे. मधली वाट तुटली की रोजच्या वस्तूचे नावही ओठांवर येत नाही.

एकदा एक शिंपीकाका आले. त्यांच्या मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा काही काळ थांबला होता. सोबत काकू होत्या. काकूंच्या तोंडाचा पट्टा असा, की काकांना विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्याच देत. दुकान विकायचे ठरले आहे, असे त्यांनी बाईंना सांगून टाकले.

"यांना विचारलं मी. हो म्हणाले."

"हो, हो," काका म्हणाले, आणि मान मात्र जोरजोरात आडवी हलवू लागले. आता यांना काही कळत नाही, असे काकू हळूच म्हणाल्या. काकांनी ते ऐकले.

बाईंनी मला टेबलावर ठेवले.

"दोरा," काका म्हणाले. चुकले हे त्यांचे त्यांनाच कळले आणि ते चिडले. हाक कात्रीला मारावी आणि दार शेजारच्या दोऱ्याने उघडावे, असे पुष्कळांचे होते. काकू उत्तर सांगणार, तोच बाईंनी त्यांना हाताने थांबवले.

"काका, तो, ती की ते?"

"ती." उत्तर लगेच आले.

शब्द हरवला असता तर तो 'ती' आहे हे कसे कळले असते, असे बाईंनी काकूंना विचारले. 'हो' आणि 'नाही' हेही असेच शेजारी. एकाला बोलवायला जावे आणि दुसऱ्याने यावे. मग बाई काकांकडे वळल्या.

"दुकान विकायचंय?"

"हो," काका म्हणाले. पण त्यांनी मला उचलले, माझी घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवले आणि वरून हात दाबून धरला. "ती... ती..."

काकूंचा आवाज आला नाही. हे त्यांना किती जड गेले असेल, ते मला खिशातही समजले.

"का... कात्री," काका म्हणाले. "माझी."

काकू रडू लागल्या. दुकानाचा विषय पुन्हा निघाला नाही.

माझ्या मधोमध ती घडी अजून आहे. मित्रांनो, कोणी शब्द शोधत अडखळला, तर त्याच्या तोंडात आपला शब्द घालू नका. जरा थांबा. त्या दिवशी काकू जन्मात पहिल्यांदा गप्प बसल्या, म्हणून काकांचे दुकान वाचले.