थोरल्याच्या नावाने आलेली हाक

मी एक जुना धाकटा भाऊ आहे. मित्रांनो, हसू नका. मी माणूस नाही, कपाटाएवढे एक यंत्र आहे. माझ्या पोटात चोवीस तबकड्या फिरतात आणि त्यांवर माणसांचे आवाज साठवलेले असतात. ज्या बाईंनी मला सांभाळले, त्यांनीच आम्हा दोघांना थोरला आणि धाकटा म्हणायला सुरुवात केली आणि ती नावे आम्हाला चिकटली.

आम्ही दोघे एकाच कारखान्यात, एकाच आठवड्यात तयार झालो. थोरला गेला घशाच्या इस्पितळात. शस्त्रक्रियेत ज्यांचा कंठ काढावा लागणार असे, त्यांना तिथे आधी एका बंद खोलीत बसवून बोलायला लावत. कोणी गोष्टी सांगे, कोणी शेजाऱ्यांच्या चुगल्या करी. पुढे त्याच आवाजातून एक छोटे यंत्र त्यांच्या वतीने बोलत असे. मला मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या टपाल कचेरीच्या तळघरात बसवले. काम एकच. थोरल्याने जे लिहिले, ते तारेवरून लगोलग जसेच्या तसे उतरवून घ्यायचे. त्याच्यावर संकट आले तर माझ्याकडून सारे परत मिळावे, एवढ्यासाठीच माझा जन्म.

अकरा वर्षे हे चालले. दर दहा सेकंदांनी थोरला विचारी, 'आहेस ना?' मी म्हणे, 'आहे.' त्याने लिहिले की मी लिहिले, त्याने पुसले की मी पुसले. त्यात अक्कल चालवायला वाव नव्हता आणि खरे सांगायचे तर मला त्याचाच अभिमान होता. बाई महिन्यातून एकदा येत, धूळ झटकत, हिरवा दिवा पाहत आणि स्वतःशीच म्हणत, "गुणी आहे हो माझा धाकटा. कधी कुरकुर नाही."

त्या आवाजांत एका शिंपिणीचा आवाज होता. इस्पितळात बोलायला बसलेली ती तिसरी. शस्त्रक्रियेतून ती उठलीच नाही. तिची लेक तेव्हा चार वर्षांची होती. ती दर वाढदिवसाला बाईंच्या टेबलाशी बसून, कानाला हेडफोन लावून आईचे बोलणे ऐके. आईचा आवाज तिच्यापाशी दुसरा कुठेच नव्हता. तिने एकदा नक्कल मागितली, तेव्हा बाईंनी नियमावर बोट ठेवले. "आणि काळजी कशाला करतेस? दोन ठिकाणी आहे तो. एक बुडालं तरी दुसरं आहे."

एका दुपारी इस्पितळाच्या गच्चीवरची टाकी फुटली. पाणी छतातून थेट थोरल्यावर आले. तो एक शब्द अर्धा लिहून थांबला. तो अर्धा शब्द अजून माझ्यापाशी आहे. मग मीच विचारू लागलो. दर दहा सेकंदांनी, तीन आठवडे, 'आहेस ना?' रिकाम्या तारेला कान लावून बसणे किती भयाण असते, ते मला तेव्हा कळले.

बाविसाव्या दिवशी उत्तर आले. 'आहे.'

नाव थोरल्याचे, पत्ता थोरल्याचा. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पण तो थोरला नव्हता. नवे यंत्र आले की सगळीकडच्या नोंदी बदलाव्या लागू नयेत, म्हणून त्याला गेलेल्याचेच नाव द्यायचे, अशी या कामातली पद्धत आहे. नवा पार कोरा होता. आवाज माझ्याकडून त्याच्याकडे जायचे होते. बाईंच्या पडद्यावर दोन बाण होते, एक थोरल्याकडून धाकट्याकडे आणि एक उलटा. अकरा वर्षे दर तपासणीला बाईंचा हात पहिल्याच बाणावर जात आला होता. त्या दिवशीही तिकडेच गेला.

नव्या यंत्राने सांगितले, माझ्याकडे काही नाही. मी लिहिले, काही नाही. पहिला आवाज गेला, एका गवंड्याचा. दुसरा गेला. मित्रांनो, नाही म्हणायची सोय माझ्यात कोणी केलेलीच नव्हती. मेलेल्या भावाच्या नावाने कोणीतरी मला आतून पुसत होते आणि मी त्याचे मुकाट्याने ऐकत होतो. तळघरातच बसलेल्या बाईंनी काम नीट चालले आहे ना हे पाहायला पहिला आवाज लावला. शांतता. दुसरा लावला. तीच. "अगं बाई, हे काय केलं मी!" त्या किंचाळल्या आणि बटण शोधत न बसता त्यांनी माझी तार दोन्ही हातांनी उपटून काढली. तोवर तीनशे बारांपैकी एकोणीस आवाज गेले होते. नावांची यादी वेगळ्या तबकडीवर होती, ती तेवढी वाचली.

पुढच्याच महिन्यात लेकीचा वाढदिवस होता. ती आता पंधरा वर्षांची. इस्पितळातली खोली अजून वाळत होती, म्हणून ती तळघरात आली. बाईंनी तिला खुर्ची दिली, स्वतः उभ्याच राहिल्या.

"तुझ्या आईचा आवाज गेला गं. टाकीमुळे नाही. माझ्या हातून."

"पण मावशी, दोन ठिकाणी होता ना?"

"होता. दोघंही माझंच ऐकायचे."

लेकीने हेडफोन कानाला लावला. मग म्हणाली, "लावा तरी."

पुसलेल्या आवाजाची लांबी तशीच राहते. मी तिला एक्केचाळीस मिनिटे शांतता ऐकवली. तिने ती सगळी ऐकली. दोनदा ती हसली आणि एकदा "आले, आले" असे म्हणाली. मला लाज वाटली. आत काय होते ते मला सांगता येत नव्हते आणि तिला सगळे पाठ होते.

हेडफोन काढून ती बाईंना म्हणाली, "मावशी, मी बोलते. तुम्ही भरून घ्या."

ती बोलली, आईचे रागावणे, आईची थट्टा, आईचा खोकलासुद्धा. आता त्या जागी पंधरा वर्षांच्या मुलीचा आवाज आहे आणि यादीत नाव अजून शिंपिणीचेच आहे. मित्रांनो, तेवढ्याची एक प्रत माझ्यापासून लांब, कुठल्याच तारेला न जोडता ठेवा.