राजवाड्यातली कुंची

कामरगावात आमच्या घरी देवांपेक्षा जास्त मान होता तो कुंचीला. देवांना निदान रोज पाणी घालायला कोणीही हात लावायचं. कुंचीला तसा हात लावायची कोणाची टाप नव्हती. बारशाच्या दिवशी लेकराच्या डोक्यावर घालून पाठीवर सोडायचं ते वस्त्र. आमची कुंची जांभळ्या रेशमाची, पाठीवर जरीचा मोर, कडेला मण्यांची झालर, आत जुन्या लुगड्याचं मऊ अस्तर. लोखंडी पेटीत कडुनिंबाच्या पाल्यात ती निजलेली असायची आणि पेटीची किल्ली दादाच्या करदोड्याला असायची.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ दौलतराव. वडील गेले तेव्हा शेत, बैल आणि कुंचीची गोष्ट असं सगळंच त्याच्याकडे आलं. शेत त्याने राखलं आणि गोष्ट वाढवली. आमच्या पणजोबांनी म्हणे नागपूरच्या राजवाड्यासमोर उधळलेला घोडा धरला आणि राणीने खूश होऊन ही कुंची दिली. घोडा कधी पांढरा असायचा, कधी काळा. घोडा धरणाऱ्या गड्याला राणीने लेकराची कुंची का द्यावी, तलवार किंवा गेला बाजार फेटा का देऊ नये, हे कोणी विचारलं नाही. माझी माय भागिरथा तर गोष्ट सुरू झाली की चहा ठेवायला उठून जायची. दादाला वाटायचं, मायला पाहुण्यांची फार काळजी.

कुंचीचा एक नियम होता. ती फक्त आपल्या आडनावाच्या लेकराला घालायची. दादाला घातली, मला घातली, दादाच्या दोन्ही मुलांना घातली. लेकीच्या लेकराला घालायची नाही, कारण ते दुसऱ्याच्या घरचं. मी लहान असताना झालरीचे तुटलेले मणी ओवायचं काम माझ्याकडे असायचं. माझी बोटं बारीक आणि नजर चांगली म्हणून. मणी ओवताना मी मनाशी धरून चालले होते की माझंही लेकरू हिच्यात नटेल. नियम मला ठाऊक होता, पण तो आपल्यासाठी असेल असं लहानपणी कोणाला वाटतं?

चौऱ्याहत्तर साली मी पहिल्या बाळंतपणाला आसेगावहून माहेरी आले. मुलगी झाली. सगळ्यांनी 'पहिली बेटी, धनाची पेटी' म्हणून तोंडं गोड केली आणि लगेच पाडली. बारसं माहेरीच व्हायचं होतं. मी दादाकडे कुंची मागितली.

दादाने मला नियम सांगितला. मी म्हटलं, तुझ्या घरात आता कुंची घालायला आहे कोण? कारण दादा दोन मुलांवर थांबला होता. लाल त्रिकोणाची पाटी त्याने स्वतः पंचायतीच्या भिंतीवर रंगवून घेतली होती आणि त्या पाटीशेजारी उभं राहून भाषणही केलं होतं. म्हणजे पोरांची लग्नं होऊन त्यांना लेकरं होईपर्यंत कुंची पाल्यातच पडणार. दादा म्हणाला, पडू दे. वस्तू राहते ती नियमाने राहते. मग त्याने कारंज्याहून माझ्या मुलीसाठी टेरेलिनचा फ्रॉक आणला. दुकानातला सगळ्यात महाग. माझा भाऊ कंजूस नव्हता, हे इथे सांगायला हवं. त्याचा जीव होता माझ्यावर. फक्त तो जीव नियमाच्या अलीकडे थांबायचा.

मला रडू आलं आणि मी रडले. माझ्या मुलीला मुलगी म्हणून आणि मुलीची मुलगी म्हणून, असं दोनदा कमी लेखलं जात होतं आणि तिचं वय अजून दोन आठवड्यांचंही नव्हतं. माय शेजारी बसून बाळंतशेपा निवडत होती. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि पुन्हा शेपा निवडायला लागली. मला तिचाही राग आला.

बारशाला आसेगावची मंडळी आली. माझे मालक पंजाबराव, सासू गोमतीबाई आणि नणंद विमल. विमल आत्या म्हणून नाव ठेवणार होती. दिवस वैशाखाचे. टेरेलिन घालताच माझी लेक टाहो फोडून रडायला लागली आणि मानेवर लाल पुरळ आलं. विमलने तिला फ्रॉकमधून सोडवलं आणि ती उघडीच आत्याच्या मांडीवर गप्प झाली. बायका म्हणाल्या, काहीतरी सुती आणा. मी दादाकडे बघितलं. दादाने छताकडे बघितलं.

बरं, एवढ्यावर तो थांबला असता तर त्याचा नियम आजही शाबूत असता. पण घरात सोयरे बसलेत आणि कुंची पेटीत आहे, हे त्याला सहन होईना. घालायची नाही तर नाही, निदान दाखवू तरी. त्याने पेटी उघडली, कुंची पाटावर पसरली आणि घोडा सोडला. त्या दिवशी घोडा अबलख होता.

माझ्या सासूला घोड्यात काडीचा रस नव्हता. तिने कुंचीची कड चिमटीत धरून शिवण पाहिली, अस्तर पाहिलं आणि जे कोणतीही बाई कोणत्याही कुंचीबद्दल विचारील तेच विचारलं.

"हे कोनाच्या माहेराहून आली?"

दादा म्हणाला, राजवाड्यातून.

"ते झालं. पन बाळंतविडा तर माहेरचाच येते ना भाऊ. कुंची कधी सासरची असते का?"

साऱ्या मुलखाला ठाऊक असलेली गोष्ट आमच्या घराला ठाऊक नव्हती. बाळाची कुंची, झबली, दुपटी हे सगळं बाळंतिणीच्या माहेराहून येतं. दादाच्या बायकोच्या, दुर्गावहिनीच्या माहेराहून दोन्ही खेपेला नवी कुंची आली होती. दादाने ती 'राजवाड्याची असताना ही कशाला' म्हणून माघारी पाठवली होती. वहिनीने तेव्हा अवाक्षर काढलं नव्हतं. आता ती पदराआड हसत होती.

दादाने मायकडे पाहिलं. चहा झालेला होता, त्यामुळे मायला उठून जायला जागा नव्हती.

"तुया आजीच्या माहेरची हाये," माय म्हणाली. "तिच्या मायनं आपल्या लग्नाचा शालू फाडून शिवली. आजीले पह्यली पोरगीच झाली होती, तुही मोठी आत्या. कुंची पह्यल्यांदा तिनं घातली. लेकीच्या लेकीनं."

"मंग घोडा?" दादाने विचारलं.

"घोडा तुया बापानं आनला."

मी एवढी हसले की टाके दुखले. पण हसता हसताच मला पुन्हा रडू यायला लागलं. मायने माझ्या लेकीला कुंची घातली. जांभळ्या रेशमात तिचं लाल तोंड उमललं आणि ती झोपून गेली. विमलने तिच्या कानात नाव सांगितलं, सुनंदा. दादा दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, की कुंची लेकीच्या लेकराची असते, आपण तर पहिल्यापासून तेच म्हणत आलो. त्याला खरंच तसं वाटत होतं.

मी आसेगावला निघाले तेव्हा मायने कुंची माझ्या गाठोड्यात बांधली. म्हणाली, लेकीकडून लेकीकडे जाऊ दे. दुर्गेच्या सुना आपापल्या माहेरची आणतील.

आता गोष्ट इथेच संपली असती, तर माझ्या सासूबाई केवढ्या शहाण्या ठरल्या असत्या.

आसेगावला आल्यावर सासूबाईंनी कुंची चारचौघींना दाखवायला काढली. आधी त्या सांगायच्या, सुनेच्या माहेरची. मग एकदा म्हणाल्या, आमच्या घरची. पुढच्या पोळ्यापर्यंत कुंचीला पेटी मिळाली आणि पेटीला कुलूप. त्याच्या पुढच्या पोळ्याला माझ्या आजेसासऱ्यांनी नागपूरला पुरातून एक हत्ती वाचवला. मी चुलीपाशी होते. माझ्या हातातली भाकर थांबली. हत्ती का, म्हणून मी नंतर मालकांना विचारलं. ते म्हणाले, घोडा तुमच्याकडे होऊन गेला ना.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात विमल पहिल्या बाळंतपणाला आली. तिला मालेगावला दिली होती. तिलाही मुलगीच झाली. बारशाच्या आदल्या दिवशी तिने आईकडे कुंची मागितली. माझ्या देखत मागितली आणि मागताना माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं, विचारायचं तेवढं बाकी आहे.

"नाही बाई," सासूबाई म्हणाल्या. "हे आपल्या घरच्या लेकराईची. तुही पोरगी लोकाईच्या घरची."

विमलचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, काढून घ्यायचं विसरल्यासारखं. ते मी ओळखलं. कामरगावला माझ्या तोंडावर तेच होतं.

मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, हे कोनाच्या माहेराहून आली?"

सासूबाईंनी माझ्याकडे सरळ पाहिलं. डोळ्यांत लबाडी शोधली तर कणभर नाही.

"राजवाड्यातून," त्या म्हणाल्या. "तुले मालूम नाही काय?"

अशा माणसाशी भांडायचं कसं? माय म्हणाली होती, लेकीकडून लेकीकडे. त्या हिशेबाने कुंची माझ्या सुनंदाची होती, विमलच्या पोरीचा तिच्याशी काही संबंध नव्हता. माझ्याही मनात ते आलंच. कुंची विमलच्या पोरीच्या अंगावर चढली तर ती मालेगावला जाणार आणि माझ्या लेकीच्या लेकराला मिळणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं. पण माझी लेक फ्रॉकात रडत होती तेव्हा तिला सोडवून मांडीवर घेऊन बसली ती विमल. मी सासूबाईंच्या उशाखालून किल्ली घेतली. त्या बघत होत्या, पण मी चोरून घेतली नाही म्हणून त्यांना ओरडता आलं नाही. कुंची काढून मी विमलच्या मांडीवर ठेवली.

सासूबाई म्हणाल्या, "आनि तुया पोरीच्या लेकराले काय घालशीन?"

मी म्हटलं, पाहीन.

कुंची मालेगावला गेली. दिवाळीला विमल आली तेव्हा बोलेना. खूप विचारल्यावर म्हणाली, तिच्या सासूने कुंचीला पेटी केली आहे. मी विचारलं, घोडा की हत्ती? विमल म्हणाली, वाघ. मग आम्ही दोघी मोरीत तोंड दाबून हसलो.

त्या संध्याकाळी मी माझा लग्नाचा शालू काढला. हिरवा, काठाला मोर. कात्री हातात घेतली तेव्हा मालक म्हणाले, वेडी आहेस का? दुकानात तयार मिळतात. मी कात्री चालवली. पहिल्या कापाला जीव तुटला, नंतर नाही. अस्तराला मायचं जुनं लुगडं मागवलं. रोज दुपारी दारात बसून मी शिवायची आणि सुनंदा मणी ओवायची. तिची बोटं माझ्यासारखीच बारीक.

सासूबाई येऊन जाऊन बघायच्या. एक दिवस म्हणाल्या, काठ चांगला दिसते. त्यांच्याकडून एवढं पुष्कळ होतं.

मी एकच गोष्ट पक्की करायचं ठरवलं होतं. या कुंचीला घोडा लागू द्यायचा नाही, हत्ती नाही, वाघ नाही. मी सुनंदाला समोर बसवलं आणि रोज एकेक मणी ओवला की तिच्याकडून म्हणवून घेतलं. कुंची कोणी शिवली? मायनं शिवली. कायची शिवली? मायच्या शालूची. मणी कोणी ओवले? मी ओवले. पोरगी हुशार, दोन दिवसांत तिचं पाठ झालं.

झालर पुरी झाली त्या दिवशी मी आत पाणी प्यायला गेले. बाहेर शेजारच्या पोरी कुंची बघायला जमल्या होत्या. एकीने विचारलं, "हे कोनं शिवली वं?"

मी हंड्यापाशी उभी राहून ऐकत होते.

माझी साडेतीन वर्षांची लेक, बोटांत अजून मण्याचा दोरा धरून, म्हणाली, "मायनं शिवली."

माझा ऊर भरून आला.

"राजवाड्यात," ती म्हणाली.